पाहुण्याला वायर विचारा

वाचकहो, एरवी या सदरात तुमची-माझी गाठ पडते ती दीड रकान्यापुरती. दिवाळी अंकात मात्र संपादक जरा हात सैल सोडतात. वर्षभर दारातूनच दोन शब्द बोलून परतणारा शेजारी दिवाळीत फराळाला बसतो, तशातलाच हा प्रकार. तेव्हा आज थोडे ऐसपैस बसून बोलू. विषय म्हणाल तर अगदी किरकोळ आहे. पाहुण्याने आणलेला लॅपटॉप आपल्या कचेरीतल्या भिंतीवरच्या पडद्याला कसा जोडावा, एवढाच! "हा काय दिवाळी अंकाचा विषय झाला?" असे आमच्या सौभाग्यवती म्हणाल्याच. परंतु याच किरकोळ विषयापायी गेल्या वर्षीची माझी दिवाळी गोड गेली नाही, आणि ती का गेली नाही हे सांगितल्यावाचून यंदाचीही जायची नाही.

आपल्याकडे पाहुण्याचे केवढे कौतुक! तो दारात आला की आधी पाणी, मग चहा, मग चहात साखर चालते की नाही याची चौकशी. कचेरीतसुद्धा हा रिवाज आपण सोडलेला नाही. पंखा त्याच्या अंगावर येतो की नाही हे पाहतो, खुर्ची पुढे सरकवतो, एसटीने आलात की रेल्वेने हे विचारतो. पण त्याच्या खांद्यावरची लॅपटॉपची पिशवी पाहून "आपली पिन कोणती?" असे आजवर कोणी पुसले आहे काय? मुळीच नाही! आणि मग जो देखावा उभा राहतो तो तुम्ही कोठे ना कोठे पाहिलाच असेल. भिंतीवर हे एवढे मोठे टीव्ही यंत्र. त्याच्या पाठीमागे एक सद्गृहस्थ शिरलेले, त्यांची फक्त पाठ दिसते आहे. दुसरे टेबलाखाली ओणवे झाले आहेत. तिसरे रिमोट हातात घेऊन सगळी बटणे क्रमाने दाबून पाहताहेत. चौथ्यांना यातले काहीच कळत नाही, म्हणून ते "एकदा बंद करून चालू करा" असा सल्ला देत उभे आहेत. आणि ज्याच्यासाठी ही सारी धावपळ, तो पाहुणा जणू आपणच काही गुन्हा केला आहे अशा चेहऱ्याने सर्वांची क्षमा मागतो आहे!

इथवर सारे हसण्यासारखे आहे. मीही पुष्कळ वर्षे हसलो. आता मात्र हसू येत नाही, त्याची हकीकत अशी.

आमची संस्था लहान आहे. पुण्यात, एका जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर तिची दोन खोल्यांची कचेरी आहे. एका दानशूर गृहस्थांनी मागे ठेवलेल्या रकमेच्या व्याजातून गावोगावच्या शाळांना आणि वसतिगृहांना मदत करावयाची, एवढेच तिचे काम. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी तेथे सहचिटणीस म्हणून विनावेतन जाऊ लागलो. दर तीन महिन्यांनी समितीची बैठक भरते. मदत मागणारी मंडळी येतात, प्रत्येकाला पंधरा मिनिटे मिळतात, आणि त्या पंधरा मिनिटांवर त्यांच्या वर्षाचा हिशेब ठरतो.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधीच्या बैठकीला बीड जिल्ह्यातल्या एका गावाहून एक बाई आल्या होत्या. वय असेल पस्तिशीचे. रात्रभर एसटीत बसून आलेल्या. तरी इस्त्रीची सुती साडी, हातात कागदांची फाईल आणि खांद्याला लॅपटॉप. त्यांचे काम ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवण्याचे. शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे नीटसे ठाऊक नसते, म्हणून दोन शब्दांत सांगतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या हंगामाची तयारी सुरू होते आणि मराठवाड्यातली, त्यातही बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. फडाजवळ कोपी उभी राहते, पोरेबाळे तेथेच, आणि शाळा पाच-सहा महिने सुटते. मूल गावातच राहावे, वेळेवर जेवावे, शाळेत जावे, म्हणून हे वसतिगृह. पण ते माणसे गाव सोडण्याच्या आधी उघडले तरच उपयोगाचे. ट्रॅक्टर एकदा हलला की मूल आईबरोबर गेलेच.

बाईंनी हे सारे मांडण्यासाठी स्वतः चित्रे नि तक्ते तयार करून आणले होते. मुलांच्या हजेरीचा तक्ता, जेवणाचा खर्च, खोल्यांची छायाचित्रे. त्यांचा लॅपटॉप जुना, कोणीतरी वापरून दिलेला. आमचा टीव्ही मात्र नवा कोरा. दोघांची गाठ घालायची जबाबदारी माझी. मी मोठ्या दिमाखात कपाट उघडले. जुन्या प्रोजेक्टरची निळ्या तोंडाची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली वायर तेथे होती. ती बाईंच्या लॅपटॉपात चपखल बसली. तिचे दुसरे टोक टीव्हीला बसेना. तेव्हा खणात पडलेला एक जोड सापडला. त्याच्या एका अंगाला निळी वायर बसत होती आणि दुसरे अंग टीव्हीत बसत होते. सगळे जुळले! आमच्या शिपाईमामांनी स्क्रूही घट्ट पिळले. आणि पडद्यावर अक्षरे आली, 'नो सिग्नल'.

मग तो देखावा सुरू झाला. त्याचे वर्णन वर केलेच आहे. फक्त टीव्हीच्या मागे शिरलेले सद्गृहस्थ या खेपेला मी होतो. वायर काढली, घातली. टीव्ही बंद केला, चालू केला. सात मिनिटे गेली. मग कोणीतरी म्हणाले, "पेन ड्राइव्हवरून आमच्या संगणकावर घ्या ना!" तसे केले. पडदा उजळला खरा, पण बाईंचे मराठी जुन्या पद्धतीच्या टंकात लिहिलेले, आणि तो टंक आमच्या संगणकात नव्हता. हजेरीच्या तक्त्याच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची नि चिन्हांची खिचडी! आणखी चार मिनिटे गेली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले. ते काही दुष्ट नव्हेत. बाहेर आणखी चौघेजण वाट पाहत होते. उरलेल्या चार मिनिटांत बाई घाईघाईने बोलल्या. आधी ठरवलेले सारे चित्रांच्या आधाराने होते, ते आता नुसते तोंडाने सांगताना त्यांची वाक्ये अर्धवट राहू लागली. आकडा सांगायला फाईल उघडली तर कागद खाली पडले.

त्या गेल्यावर एक सभासद म्हणाले, "काम चांगलं दिसतंय, पण तयारी जरा कमी पडली." दुसरे म्हणाले, "पुढच्या बैठकीत पाहू." तसा ठराव झाला. तो वहीत माझ्याच हाताने लिहिला.

पुढची बैठक जानेवारीत होती. म्हणजे हंगाम निम्मा सरल्यावर.

घरी आलो तो जेवण गोड लागेना. 'तयारी कमी पडली' हे शब्द कानांत घुमत होते. कोणाची तयारी? बाईंची तयारी तर त्यांच्या लॅपटॉपात चोख होती. तयारी कमी पडली ती यजमानाची, आणि दोष वहीत लागला पाहुण्याच्या नावावर! लक्ष्मीपूजनाला माझा भाचा आला होता. तो संगणकाच्या धंद्यातला. त्याच्यापुढे चकलीची ताटली ठेवली आणि सारी हकीकत सांगितली. तो चकली मोडता मोडता म्हणाला, "मामा, तुमचा जोड उलटा होता."

"उलटा कसा? सगळीकडे बसला तर!"

"बसला म्हणजे चालला असं नाही. तुमच्या दुभाष्याला मराठीचं कानडी करता येत होतं. तुम्हाला हवा होता कानडीचं मराठी करणारा."

मग त्याने जे समजावले ते तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून माझ्या भाषेत सांगतो.

ती निळी वायर म्हणजे व्हीजीए. आयबीएम कंपनीने १९८७ साली ती आणली. तिला तीन ओळींत पंधरा पिना असतात. तिच्यातून तांबडा, हिरवा आणि निळा या तीन रंगांच्या विजेच्या कमी-जास्त होणाऱ्या लहरी जातात. आवाज जात नाही, केवळ चित्र. पुढे डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआय आली. तिला एकोणीस पिना, आणि तिच्यातून चित्र नि आवाज दोन्ही जातात. पण लहरींच्या रूपाने नव्हे, आकड्यांच्या रूपाने. आजच्या घरगुती टीव्हीला बहुधा हीच असते. आता लहरींचे आकडे करावयाचे तर मध्ये एक छोटे यंत्र लागते, आणि आकड्यांच्या लहरी करावयाच्या तर दुसरे. ही दोन्ही यंत्रे दिसायला भावंडासारखी, पण काम एकाच दिशेने करतात. आमच्या खणातला जोड नव्या लॅपटॉपचे चित्र जुन्या प्रोजेक्टरवर नेण्यासाठी घेतलेला. म्हणजे आकड्यांच्या लहरी करणारा. बाईंच्या जुन्या लॅपटॉपातून लहरी निघत होत्या, टीव्हीला हवे होते आकडे. बिचारा जोड करणार काय! तेव्हा वाचकहो, जोड विकत घेताना 'कोठून कोठे' हे दुकानदाराला नीट सांगा. पिशवीवर 'व्हीजीए ते एचडीएमआय' असे लिहिलेले असते, त्यातले आधीचे नाव लॅपटॉपचे आणि नंतरचे पडद्याचे.

याखेरीज आणखी दोन पोर्ट पाहुण्याच्या लॅपटॉपाला असू शकतात. एक डिस्प्ले पोर्ट. ते २००६ सालचे. एचडीएमआयसारखेच दिसते, पण त्याचा एकच कोपरा कापलेला असतो. एचडीएमआयचे खालचे दोन्ही कोपरे आत घेतलेले असतात. त्याचीच एक लहान आवृत्ती २००८ साली निघाली, ती कित्येक जुन्या लॅपटॉपांना आढळते. दुसरे यूएसबी-सी. ते २०१४ साली आले. लंबगोल, चपटे, कसेही उलटसुलट घाला तरी बसते. युरोपीय संघाने तर २८ डिसेंबर २०२४ पासून फोनांना चार्जिंगसाठी हेच पोर्ट सक्तीचे केले आणि लॅपटॉपांसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. हे ऐकून मी म्हटले, "चला, सुटलो! आता एकच पिन."

भाचा हसला. "मामा, तोंड एक झालं, पोट नाही." त्याचे म्हणणे असे की, यूएसबी-सीच्या तोंडातून वीज जाते, फाइली जातात, आणि चित्रही जाऊ शकते, पण चित्र जाण्याची सोय लॅपटॉप करणाऱ्याने मुद्दाम केलेली असावी लागते. स्वस्त लॅपटॉपांत ती पुष्कळदा नसते. पोर्टाशेजारी 'डीपी' अशी खूण किंवा विजेच्या बाणाचे चिन्ह असले तर सहसा आशेला जागा आहे. शिवाय फोनबरोबर येणारी चार्जिंगची वायर दिसायला तीच असली तरी तिच्यात चित्र नेणाऱ्या तारा बहुधा नसतात. म्हणजे 'बसली' आणि 'चालली' यांत इथेही तेच अंतर!

पण भाच्याने सांगितलेली सगळ्यांत मौजेची गोष्ट पुढेच आहे. मी विचारले, "बाबा रे, नीट वायर लावली म्हणजे लॅपटॉपला कळतं कसं की समोर केवढा पडदा आहे?" तो म्हणाला, "पडदाच सांगतो." पडद्याच्या पोटात एक चिमुकली नोंदवही असते. तिला ईडीआयडी म्हणतात. हा शिरस्ता १९९४ सालापासूनचा. तिचे पहिले पान अवघ्या १२८ बाइटांचे. त्यात पडदा कोणी केला, केव्हा केला, किती बिंदूंचे चित्र त्याला झेपते, हे सारे लिहिलेले. वायर जोडताच लॅपटॉप ही नोंदवही वाचतो आणि त्या बेताचे चित्र पाठवतो. एचडीएमआयमध्ये तर वही वाचण्यापुरती वीजदेखील लॅपटॉपच वायरीतून पुरवतो. म्हणजे पाहा, यंत्रांच्या राज्यातला रिवाज असा की, आधी यजमानाने आपली माहिती द्यावयाची, मग पाहुण्याने आपले गाठोडे सोडावयाचे! आम्ही माणसे मात्र पाहुण्याला बोलावतो, आणि आमच्या भिंतीवर काय टांगले आहे हे त्याला कळवतसुद्धा नाही.

ही गोष्ट मनाला लागली. भाऊबीज आटोपली आणि मी कामाला लागलो. त्या महिन्यात मी जे केले त्यात विद्वत्ता काही नाही. तुम्हीही करू शकाल.

प्रथम टीव्हीच्या मागे बॅटरी धरून पाहिले. एचडीएमआयची तीन पोर्ट निघाली. त्यांतल्या पहिल्यात पाच मीटरची चांगली वायर लावून तिचे टोक कायमचे टेबलावर आणून ठेवले, आणि त्या टोकाला चिठ्ठी बांधली, 'एचडीएमआय १'. रिमोटवरचे 'सोर्स' किंवा 'इनपुट' असे लिहिलेले बटण दाबून हाच क्रमांक निवडावयाचा असतो. निम्मे 'नो सिग्नल' एवढ्यानेच नाहीसे होतात. रिमोटाला दोरी बांधून तो टेबलाच्या पायाला अडकवला. या दोरीला शिपाईमामा हसले, पण तेव्हापासून रिमोट हरवलेला नाही.

मग चार जोड आणले. व्हीजीए ते एचडीएमआय, डिस्प्ले पोर्ट ते एचडीएमआय, त्याच्याच लहान आवृत्तीचा एक, आणि यूएसबी-सी ते एचडीएमआय. सगळे मिळून अडीच हजारांच्या आत भागले. एका बैठकीच्या चहा-नाश्त्याला याहून फार कमी लागत नाही! ते ठेवायला घरातून चकल्यांचा रिकामा पत्र्याचा डबा उचलला. वेटोळे घातलेल्या वायरी त्यात अगदी चकल्यांसारख्या बसल्या. एक लांब वायरीचा बोर्डही टेबलाजवळ ठेवला. कारण जुन्या लॅपटॉपची बॅटरी ऐन वेळी मान टाकते आणि पाहुणा संकोचाने बोलत नाही.

तिसरे काम शिकण्याचे. विंडोजच्या लॅपटॉपात खिडकीचे चिन्ह असलेली कळ आणि 'पी' ही अक्षराची कळ एकदम दाबली की चार पर्याय समोर येतात. चित्र फक्त लॅपटॉपवर, दोन्हीकडे एकच, दोन्ही पडदे मिळून एक मोठा, आणि फक्त बाहेरच्या पडद्यावर. ही सोय २००९ सालच्या विंडोज ७ पासून आहे. वायर ठीक असून चित्र येत नसले तर पुष्कळदा हीच दोन बटणे दाबावी लागतात. ॲपलच्या लॅपटॉपात हेच 'सेटिंग्ज'मधल्या 'डिस्प्लेज'मध्ये मिळते. आता, 'दोन्हीकडे एकच' हा पर्याय सोपा खरा, पण त्यात पाहुण्याचा सारा संसार पडद्यावर येतो. एकदा एका मोठ्या तज्ज्ञांचे व्याख्यान रंगात आले असता पडद्याच्या कोपऱ्यात संदेश उमटला, 'येताना अर्धा किलो भेंडी आणा. मागच्यासारखी जून नको.' सभेला व्याख्यानातले आता काही आठवत नाही, भेंडी मात्र आठवते! म्हणून पाहुण्याला आधीच सुचवावे की संदेशांच्या सूचना बंद करा. आणि तो फाईल शोधत असताना यजमानांनी पडद्याकडे टक लावून न पाहता आपसांत दोन शब्द बोलावे. कोणाच्या उघड्या कपाटाकडे आपण पाहतो का?

चित्राच्या कडा कापल्या जात असतील, मथळ्याची वरची ओळच दिसत नसेल, तर दोष लॅपटॉपचा नसतो. चित्राच्या कडा थोड्या छाटून दाखवण्याची सवय टीव्हीला जुन्या काळापासून आहे. टीव्हीच्या चित्राच्या मांडणीत 'स्क्रीन फिट' किंवा तशाच नावाचा पर्याय निवडला की चित्र पुरते दिसते. हेही मामांना दाखवून ठेवले.

"पण आता बिनवायरीचं निघालंय ना?" असे तुम्ही म्हणाल. निघाले आहे. मिराकास्ट २०१२ सालापासून आहे, क्रोमकास्ट २०१३ साली आले, ॲपलची एअरप्लेही आहे. घरी ते झकास चालते. परवा माझ्या पुतणीने लग्नाची छायाचित्रे फोनवरून आमच्या टीव्हीवर दाखवली, तेव्हा वायर लागली नाही. पण घरची पोर घरच्याच वायफायवर असते. कचेरीत पाहुण्याला वायफायचा परवलीचा शब्द द्यावा लागतो. कित्येक ठिकाणी पाहुण्यांचे वायफाय वेगळे ठेवतात आणि त्यावरून कचेरीचा टीव्ही दिसतच नाही. शिवाय पाहुण्याच्या लॅपटॉपाला तीच भाषा यावी लागते. म्हणून म्हणतो, बिनवायरीची हौस जरूर करा, पण टेबलावर वायर असू द्या.

चौथे काम सगळ्यांत सोपे आणि सगळ्यांत महत्त्वाचे. निमंत्रणाच्या पत्रात आम्ही आता चार ओळी घालतो. 'आमच्याकडे एचडीएमआयचा टीव्ही आहे. आपल्या लॅपटॉपच्या दोन्ही कडांचे छायाचित्र फोनवर पाठवावे. लागणारा जोड आम्ही तयार ठेवू. कृपया अर्धा तास आधी यावे, म्हणजे चहा होईल आणि वायरही लावून पाहता येईल.' पाहुण्याला पिनेचे नाव ठाऊक नसले तरी बिघडत नाही. छायाचित्रावरून आमचे मामादेखील आता सांगतात, "साहेब, ही बारकी डिस्प्ले पोर्ट."

पाचव्या गोष्टीसाठी मात्र समितीत भांडावे लागले. मी ठराव मांडला की, पाहुण्याची पंधरा मिनिटे पडद्यावर चित्र दिसल्यावर मोजावी. एक सभासद म्हणाले, "अशानं बैठक लांबेल." मी म्हटले, "लांबली तर तो आपला दोष. लांबू नये म्हणून तर हा डबा." अध्यक्ष क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या बीडच्या बाईंच्या वेळी तसंच झालं, नाही का?" ठराव एकमताने झाला. तोही मीच लिहिला, आणि या वेळी हात जरा हलका चालला.

जानेवारीत बाई पुन्हा आल्या. या वेळी छायाचित्र आधी आलेले, जोड टेबलावर काढून ठेवलेला. मामा म्हणाले, "ताई, तुम्ही चहा घ्या, मी लावतो." बाईंचा चहा अर्धा व्हायच्या आत भिंतीवर हजेरीचा तक्ता उभा राहिला, त्यांच्याच लॅपटॉपातून, त्यांच्याच टंकात, स्वच्छ मराठीत. मग त्या बोलल्या. वाचकहो, त्याच त्या बाई! आवाज ठाम, आकडे तोंडपाठ, प्रश्नाला प्रश्नापुरते उत्तर. एका खोलीत चोवीस मुले झोपलेली होती त्याचे छायाचित्र त्यांनी दाखवले आणि काही न बोलता थोडा वेळ तसेच ठेवले. ज्यांनी 'तयारी कमी पडली' म्हटले होते त्यांनीच मदतीची सूचना मांडली. रक्कम मंजूर झाली, मागितली होती तेवढी.

बाई निघाल्या तेव्हा मी जिन्यापर्यंत गेलो. म्हटले, "ताई, मागच्या खेपेला चूक आमची होती. तुमची तयारी उत्तम होती. हे तेव्हाच सांगायला हवं होतं."

त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही म्हणालात, बरं वाटलं. मी महिनाभर स्वतःलाच बोल लावत होते. नवा लॅपटॉप घ्यायला हवा होता, छापून न्यायला हवं होतं, असं सारखं मनात येई." मग थोडे थांबून म्हणाल्या, "पैसे मिळाले, पुढच्या हंगामाची काळजी मिटली. पण दिवाळीत मला चाळीसच मुलं ठेवता आली. धान्यच तेवढं होतं. चौदा मुलं फडावर गेली. त्यांतली दोन मुली सातवीतल्या होत्या. आता त्या लहान भावंडं सांभाळतात. मार्च-एप्रिलशिवाय येत नाहीत. आल्या तरी शाळेत बसतील की नाही, बघायचं."

यावर मी काय बोलणार? त्यांची एसटी होती. त्या गेल्या.

उन्हाळ्यात त्यांचे पत्र आले. एक मुलगी शाळेत परत आली. दुसरीचे पत्रात काही नव्हते, आणि विचारण्याचे मला धैर्य झाले नाही.

म्हणून यंदा हा विषय घेतला. दिवाळीच्या आधी आपण घर झाडतो, कचेरीही झाडतो. जुन्या वायरी भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा हातात घेऊन पाहा, कोठून कोठे जाते ते कागदाच्या तुकड्यावर लिहून बांधा. टीव्हीच्या मागे बॅटरी धरा. आणि पुढच्या वेळी खांद्याला पिशवी लावून कोणी दारात आला, की पाणी द्या, चहा द्या, आणि त्याच्याबरोबरच विचारा, "आपली पिन कोणती?"

आता आवरते घेतो. स्वयंपाकघरातून विचारणा होते आहे की चकल्यांचा पत्र्याचा डबा गेला कोठे. तो कचेरीत आहे आणि परत यायचा नाही, हे सांगायची वेळ आली आहे. बाजारातून दुसरा डबा आणतो म्हणतो. तुम्हा सर्वांना ही दिवाळी सुखाची जावो!